वॉर्डातली एकमेव पात्र बाई

आमचा वॉर्ड मागासवर्गीय महिलांसाठी राखीव झाला, ही बातमी नवऱ्याने मला अर्धा किलो जिलेबी टेबलावर ठेवून सांगितली. त्या दुपारी वॉर्डांची सोडत होती. एका मोठ्या सभागृहात अधिकारी चिठ्ठ्या काढतात आणि कुठला वॉर्ड कोणाच्या वाट्याला हे ठरतं. पाच वर्षं आशा लावून बसलेली माणसं तिथे कडक इस्त्रीच्या कपड्यांत जातात आणि बहुतेक तोंड पाडून परत येतात. माझा नवरा हसत आला.

"तुह्या नावानं फॉर्म भरून टाकू," तो म्हणाला.

"मले विचारलं काहून नाही?"

"विचारूनच तर राहिलो."

आणि जिलेबीचा पुडा माझ्याकडे सरकवला. आमच्या घरात विचारण्याची पद्धत साधारण अशीच आहे.

माझं माहेर वर्ध्याजवळचं. लग्न होऊन रायपूरला, बूढ़ापारा मोहल्ल्यात आले त्याला एकतीस वर्षं झाली. सासरे रेल्वेत कामाला म्हणून फार आधी इकडे आले आणि इथलेच झाले. नवऱ्याचं सदर बाजाराच्या तोंडाशी रजिस्टरं आणि पुस्तकं बांधायचं दुकान आहे. दुकानात तो असतो थोडा, बाहेर असतो जास्त. कोणाची पेन्शन अडली, कोणाच्या गल्लीतला दिवा गेला, कोणाची नाली तुंबली, की माणसं आधी दुकानात येतात. एकदा तो अपक्ष उभाही राहिला होता आणि पडला होता. पडला, पण उठून पुन्हा नालीपाशी गेला, हे मला मान्य करावं लागतं.

तर आता पुरुषाला जागा नाही म्हटल्यावर बायको. यात त्याला काही गैर वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आधी मलाही वाटलं नाही. बाई निवडून येते, नवरा खुर्चीत बसतो, बाई सहीपुरती जाते, हे आजूबाजूला पाहिलेलंच होतं. त्याने दोन दिवसांत पोस्टरचा नमुनाही काढून आणला. मधोमध हात जोडलेला तो, आणि खालच्या कोपऱ्यात तिकिटाएवढी मी.

"उभी मी राहून राहिली ना?" मी विचारलं.

"लोकं मले ओळखतात न."

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

मग कागद सुरू झाले. निवडणुकीला उभं राहणं म्हणजे भाषण, असं मला वाटत होतं. ते आधी कागदच असतं. वय पूर्ण पाहिजे, ते केव्हाच झालं होतं. मतदार यादीत नाव पाहिजे, यादीतलं पान आणि ओळ कितवी ते पाहिजे. घरपट्टी-पाणीपट्टी बाकी नसल्याचा दाखला पाहिजे, त्याला सगळे नोड्यूज म्हणतात. शपथपत्र पाहिजे: शिक्षण किती, अंगावर दागिना किती, कुठल्या ठाण्यात गुन्हा आहे का. घरात पाण्याचा संडास आहे, हेही लिहून द्यावं लागतं. बी.ए. होऊन इतकी वर्षं झाली, पण शपथेवर काही सांगायची वेळ आली ती संडासाबद्दल. नोटरीने कागदावरून नजर वर न करता शिक्का मारला.

या धावपळीत माझं एक झालं. रोज कुठल्या ना कुठल्या खिडकीशी उभी राहून मी माझं पूर्ण नाव सांगत होते. एरवी मी बाइंडरवाल्याची बायको, नाहीतर अमक्याची आई. यादी घेऊन मी दुपारी गल्ल्या फिरायला लागले. तलावाच्या बाजूच्या घरांत पाणी किती वाजता येतं, कुठल्या चढावर म्हाताऱ्यांना आधाराला कठडा नाही, हे वहीत लिहायला लागले. बायका दारात उभ्या राहून बोलायच्या, आणि माझ्या लक्षात आलं की नवऱ्याला इतक्या वर्षांत यातलं निम्मंही कोणी सांगितलेलं नाही. एका संध्याकाळी मी त्याला स्पष्ट सांगितलं की पोस्टरवर माझा फोटो मोठा पाहिजे, आणि निवडून आले तर खुर्चीत मीच बसेन. तो "हव, हव" म्हणाला. छत्तीसगढ़ी माणूस हव म्हणतो तेव्हा तो हो असतो. माझा नवरा हव म्हणतो तेव्हा तो विषय संपवत असतो. पण मी ठरवलं होतं. मला ती जागा पाहिजे होती, इतकी की रात्री जेवताना घास तोंडाशी थांबायचा.

जातीचा दाखला माझ्याकडे होता. लग्नाआधी वर्ध्याला काढलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेला. मी तो सगळ्या कागदांच्या वर ठेवून निवडणूक कार्यालयातल्या मदतीच्या टेबलाशी गेले. तिथल्या कारकुनाने तो एकदा वाचला, मग उलटा करून पाहिला, जसं काही मागे वेगळं लिहिलेलं असेल.

"ये तो महाराष्ट्र का है, दीदी."

"हां, मायका वहां का है. शादी यहां हुई."

"शादी से जाति नहीं मिलती. पिताजी की चलती है. पिताजी यहां कभी रहे?"

माझे वडील रायपूरला एकदाच आले होते, माझ्या बाळंतपणानंतर मला पोचवायला, आणि दुसऱ्या दिवशी परत गेले होते. इथलं पाणी त्यांना जड वाटलं होतं. मी कारकुनाला पाण्याचं सांगितलं नाही. तो पुढे अगदी नीट समजावून बोलला. जात तीच असली, दोन्ही राज्यांच्या यादीत असली, तरी राखीव जागेचा हक्क बापाच्या राज्यातच. बापाचं घराणं ठरलेल्या तारखेआधीपासून इथे राहत असल्याचा कागद असेल तरच इथला दाखला मिळतो. सर्वसाधारण वॉर्डातून मी खुशाल उभी राहू शकत होते. मत देऊ शकत होते. फक्त या जागेला मी चालत नव्हते.

बाहेर गेटपाशी फायली घेऊन उभी असणारी माणसं असतात. त्यातल्या एकाने आमचे चेहरे पाहूनच ओळखलं. नवऱ्याला बाजूला घेऊन त्याने सांगितलं की होऊन जाईल, फक्त बाईंचे वडील इथे भाड्याने राहत होते असं एक जुनं कागदपत्र तयार करावं लागेल. नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्या नजरेत लाज होती आणि आशाही होती.

"माझा बाप मेल्यावर रायपूरले राहाले येणार आहे का?" मी म्हणाले. "जिता होता तेव्हा दोन रात्री नाही थांबला."

स्कूटरवर बसून आम्ही घरी आलो. मी मागे बसून रडले, हेल्मेटमध्ये कोणाला दिसत नाही.

संध्याकाळी आमच्या जातीतल्या माणसांची बैठक आमच्याच बाहेरच्या खोलीत बसली. पाच-सहा जण, सगळे वर्धा-भंडाऱ्याकडून कोणे काळी आलेल्या घरांतले, सगळे चहा पिणारे. आपल्यातली कोणतीही बाई उभी करू, असं ठरलं. मग एकेक घर घ्यायला सुरुवात झाली आणि तिथे खरी गंमत झाली.

आमच्या लोकांची एक रीत आहे. सून आणायची तर तिकडून. इथे जन्मलेल्या मुलीला आमच्यात कोणी सून करत नाही. म्हणतात, इथल्या पोट्ट्या हिंदीत भांडतात. आणि मुलगी द्यायची तीही तिकडेच, म्हणजे भाषा राहते, नातं राहतं. त्यामुळे वॉर्डातल्या आमच्या प्रत्येक घरातली बाई माझ्यासारखीच होती: कोणी आर्वीची, कोणी तुमसरची, कोणी हिंगणघाटची. सगळ्यांचे दाखले तिकडचे. आणि ज्यांचे दाखले इथले झाले असते, त्या सगळ्या लेकी आम्ही वाजतगाजत तिकडे पाठवून दिलेल्या.

"तुही पोट्टी?" एकाने माझ्या नवऱ्याला विचारलं.

आमची मुलगी नागपूरला दिली आहे. लग्नानंतर महिनाभरात इथल्या मतदार यादीतून तिचं नाव वगळण्याचा फॉर्म नवऱ्याने स्वतः भरून दिला होता, चांगल्या नागरिकाने असं करावं म्हणून. इतर चार बापांनाही त्याने पाठीमागे लागून तेच करायला लावलं होतं. ते चारही जण त्या वेळी खोलीत होते. बिस्किटाची बशी त्याच्यापासून दूर सरकली.

यादी संपली. तीन पिढ्या इथे काढून वॉर्डात आमची एकही पात्र बाई नव्हती. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि माझी नणंद कामावरून आली. हातात रक्ताच्या नमुन्यांचा रिकामा डबा. तिने सगळ्यांना नमस्कार केला आणि वर आपल्या खोलीत गेली. खोलीतल्या सगळ्या माणसांनी छताकडे पाहिलं.

नणंद माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तिचं लग्न झालं नाही. तिकडची स्थळं येत, तिचं निम्मं हिंदी ऐकत आणि कळवतो म्हणून जात. मग येईनाशी झाली. चौबे कॉलोनीतल्या एका पॅथॉलॉजीत ती कामाला आहे. सकाळी स्कूटरने घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. घरात ती वरच्या खोलीत राहते, आपला चहा आपण करते. आम्ही तिला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही तिला धरलंच नव्हतं. वॉर्डासाठी बाई शोधताना आम्ही तासभर सगळ्या घरांतल्या बायका मोजल्या, आणि ज्या घरात बसून मोजल्या त्याच घरातली विसरलो. मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर देते, यावरून मी तिला कितीदा चिडवलं असेन.

तिचा दाखला इथला होता. सासऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीचे जुने कागद जोडून तिने तो कधीचा काढून ठेवला होता, सरकारी नोकरीच्या अर्जासाठी. आम्हाला कोणाला माहीत नव्हतं.

नवरा वर गेला. मीही मागून गेले, कारण मला ऐकायचं होतं. त्याने तिलाही माझ्यासारखंच विचारलं, फक्त जिलेबी नव्हती. तिने ऐकून घेतलं, पलंगावरची उशी सरळ केली आणि म्हणाली,

"भर दूंगी, भैया. लेकिन खड़ी मैं होऊंगी तो बैठूंगी भी मैं. पोस्टर पर आपकी फोटो नहीं."

"लोकं तुले ओळखतात का?" त्याने विचारलं.

"आधे वार्ड की नस पहचानती हूं."

नवरा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली तेव्हा बोलला. त्याला दुसरा रस्ता नव्हता.

माझं काय झालं ते सांगते. मला हेवा वाटला. जी गोष्ट मी नवऱ्याला भांडून सांगितली आणि त्याने हव म्हणून उडवली, ती तिने उशी सरळ करता करता सांगितली आणि मिळवली. मी गल्ल्या फिरले होते, वही भरली होती, आणि जागा तिची. तिने काहीच केलं नव्हतं, फक्त तिचं लग्न जमलं नव्हतं आणि ती इथे राहिली होती. असा विचार मी केला, आणि त्याची मला लाज वाटते, पण केला.

फॉर्मला प्रस्तावक लागतो. वॉर्डाचा मतदार असलेल्या एकाने लिहून द्यायचं की मी या उमेदवाराचं नाव सुचवतो. नवऱ्याने आपलं नाव गृहीत धरलं होतं. सकाळी मी कणीक भिजवत होते तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"भाभी, प्रस्तावक आप बनोगी?"

"मी काहून? तुमचे भाऊ आहेत न."

"भैया का नाम रहेगा तो सब समझेंगे वही खड़े हैं."

मी कणीक मळत राहिले. म्हणाले, बघू ताई. ती गेली. नाही म्हणायला मला काही अडचण नव्हती. सही द्यायला गल्लीत दहा माणसं होती, तिचं काही अडलं नसतं. पण मी नाही म्हटलं असतं तर तिला ते कळलं असतं, आणि मला तेच पाहिजे होतं की काय, हे मी पोळ्या होईपर्यंत ठरवत होते. नंतर फॉर्म पाहिला. प्रस्तावकाच्या रकान्यात जात विचारलेली नव्हती. बाप कुठला तेही विचारलेलं नव्हतं. वॉर्डाच्या यादीत नाव आहे का, एवढंच. मी हात धुतले, वर गेले आणि सही केली. ज्या वहीत मी गल्ल्या लिहिल्या होत्या ती वहीही पलंगावर ठेवली. तिने ती उघडून उभ्या उभ्या तीन पानं वाचली आणि एका घराचा नंबर चुकला आहे म्हणून सांगितलं.

छाननीच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले. अधिकाऱ्याने एकेक कागद उचलला, ठेवला. दाखला उचलून बराच वेळ धरला तेव्हा मी खुर्चीच्या कडेला सरकले, ती आपली टेकून बसली होती. "ठीक है," तो म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं. मला आनंद झाला. मी मला पाहिजे होती ती जागा गमावून बसले होते आणि तिचा कागद पास झाल्याचा मला खरोखर आनंद झाला, याचं मलाच नवल वाटलं.

ती निवडून आली. भाषणं तिने फारशी केली नाहीत. ज्या म्हाताऱ्यांचं रक्त तिने इतकी वर्षं दुखू न देता काढलं होतं, ते व्हीलचेअरवर बसून मत द्यायला आले. नवऱ्याने मिरवणुकीत गुलाल उधळला आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या कार्यालयात जाऊन बसला. तिने त्याला सर्वांसमोर चहा पाजला आणि विचारलं, "भैया, कुछ काम था?" तेव्हापासून तो दुकानात जास्त असतो. लोक अजूनही त्याच्याकडे येतात. तो अर्ज लिहून देतो आणि रांगेत पाठवतो. कधी कधी स्वतःही रांगेत असतो.

तिचा एक नियम आहे, घरी सही करत नाही. मला मागच्या महिन्यात तिची सही लागली. घरांना नवे नंबर लागले आणि माझ्या आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा होता. घर अजून सासऱ्यांच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या. मी कुठे राहते हे सांगणारा, नव्या नंबरचा, माझ्या नावाचा एकही कागद घरात नव्हता. अशा वेळी नगरसेवकाचा दाखला चालतो. मी रविवारी रात्री फॉर्म तिच्या ताटाशेजारी ठेवला, तिने तो उचलून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

सोमवारी मी कार्यालयात गेले. बाकावर चार जण पुढे होते. माझी पाळी आली तेव्हा तिने फॉर्म घेतला आणि भरायला लागली. नाव, वय, पत्ता तिने मला न विचारता लिहिलं. कधीपासून या वॉर्डात राहतात, या रकान्याशी आली. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने लिहून टाकलं होतं. नुसतं साल नव्हे. तारीख, महिना, साल. मी इथे पहिल्यांदा उंबरा ओलांडला ती तारीख. माझा नवरा ती दर वर्षी विसरतो.

"ताई, तुमच्या कशी काय लक्षात?"

"उस दिन मेरा दसवीं का पहला पेपर था." ती शिक्का शाईच्या डबीवर दाबत होती. "सब बारात में वर्धा गए थे. मुझे पड़ोस में छोड़ा था. पेपर देकर आई तो आप आ चुकी थीं. घर में इतनी भीड़ थी कि मैं बाहर बैठी रही."

ती माझ्या लग्नात नव्हती. एकतीस वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं, लग्नाचे फोटो कितीदा तिच्यासमोर उघडले तरी.

तिने सही केली आणि कागद माझ्याकडे वळवला. मागे माणसं खोळंबली होती. मला उठायला पाहिजे होतं.

"कसा गेला होता पेपर?" मी विचारलं.

तिने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. आणि पहिल्यांदाच मला मराठीत उत्तर दिलं.

"चांगला गेला होता, वहिनी."